सोलापूरचा सह्याद्री

सोलापूर जिल्ह्यात डोंगर दाखवा म्हटलं, की माणूस जरा थांबतो. बार्शीकडे बालाघाटाचे उतार आहेत, सांगोला-माळशिरसच्या पश्चिम कडेला महादेवाच्या रांगेची टेकाडं आहेत, करमाळ्यात थोडी खडकाळ चढणं आहेत. यादी एवढ्यावर संपते. १४,८९५ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचा बहुतेक भाग म्हणजे साडेचारशे-साडेपाचशे मीटर उंचीवरचं, किंचित वरखाली होणारं माळरान. सह्याद्रीची मुख्य धार इथून बरीच लांब आहे. महाबळेश्वर आणि सोलापूर जवळपास एकाच अक्षांशावर येतात, पण दोघांच्या मध्ये सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटरचं अंतर आहे. इतक्या लांबून सह्याद्री दिसत नाही, आणि सोलापूरकरांच्या बोलण्यात त्याचं नावही क्वचित येतं.

तरी या जिल्ह्याचं पाणी, पीक, साखर आणि राजकारण त्या रांगेनंच आखून दिलेलं आहे. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट 'पर्जन्यछाया' या एका शब्दात उरकलेली असते. ते चूक नाही, पण त्यातून सह्याद्रीनं सोलापूरला फक्त नाकारलं असा समज होतो. भूगर्भ, हवामान, शेती आणि पाणीवाटप या चारही अंगांनी गेल्या दीडशे वर्षांत जे अभ्यासलं गेलं ते एकत्र ठेवून वाचलं, तर दुसरी बाजूही दिसते. सह्याद्री सोलापूरचा पाऊस आकाशात अडवतो आणि त्यातला काही वाटा नदीतून परत पाठवतो. त्या वाटेवर पाण्याचं काय होतं, यावर सोलापूरचं बरं-वाईट ठरतं. म्हणून सोलापूर हा सह्याद्रीचाच जिल्हा धरायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

आधी रांगेविषयी. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत साधारण १६०० किलोमीटर लांबी. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू ही सहा राज्यं. मध्ये पालघाटची तीसेक किलोमीटर रुंदीची खिंड. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि दक्षिणेत केरळातलं आनैमुडी २६९५ मीटर. जगातल्या थोर पर्वतरांगांशी उंचीत किंवा विस्तारात सह्याद्रीची तुलना होणार नाही. अँडीज सात देशांतून जाते, हिमालय पाच देशांत पसरलाय. सह्याद्री एकाच देशात असला, तरी त्याच्या पाण्यावरून राज्याराज्यांत जे चालतं ते दोन देशांच्या भांडणाहून फार सौम्य नसतं.

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून वळ्या पडून वर आला. सह्याद्रीचं तसं नाही. सोलापूरहून पुण्यामार्गे लोणावळ्याला जाताना हे सहज कळतं. सोलापूर सुमारे ४६० मीटरवर, पुणे ५६० वर, लोणावळा ६२० च्या थोडं वर. सव्वातीनशे किलोमीटरांच्या प्रवासात चढ जाणवतही नाही, आणि खंडाळ्याला पोचल्यावर जमीन एकदम तुटते. देशावरून येणाऱ्याला सह्याद्री चढावा लागत नाही, उतरावा लागतो. तो आपल्याच पठाराचा काठ आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आजही ते पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलंय. त्यानंतर सेशल्सचा तुकडा भारतापासून वेगळा होऊन दूर गेला, पश्चिमेची कड उचलली गेली आणि सगळं पठार पूर्वेकडे कललं. मग पावसानं आणि नद्यांनी ती कड कुरतडत आत ढकलली. मूळ कड नेमकी कुठे होती आणि ती किती सरकली, यावर भूशास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालतात. पठाराच्या पूर्वेकडच्या कलाबद्दल मात्र वाद नाही. त्या कलामुळेच अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगम पावलेली भीमा त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि ८६० किलोमीटर चालून रायचूरजवळ कृष्णेला मिळते.

लाव्हाच्या थरांची जाडी पूर्वेकडे कमी होत जाते, आणि हे आता खोल भोकं पाडून मोजलेलं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा भूगर्भ हा अभ्यासाचा मोठा विषय झाला. तिथे केलेल्या वैज्ञानिक खोदाईत ९३० मीटरच्या थोड्या खाली काळा पाषाण संपला आणि ग्रॅनाइटी खडक लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, सोलापूरकरही अंथरुणातून उठून बाहेर पळाले. त्यानंतर किल्लारीत खोदलं तेव्हा तोच पाषाण ३३८ मीटरवर संपला. सोलापूर या दोन टोकांच्या मध्ये, पण किल्लारीच्या बरंच जवळ आहे. रेल्वेनं आणखी पुढे, गुलबर्ग्याच्या पलीकडे गेलं की लाव्हाचं पांघरूणच संपतं आणि खालचा चुनखडक उघडा पडतो. मराठी घरांच्या स्वयंपाकघरात आणि पडवीत पिढ्यान्‌पिढ्या बसवली गेलेली शहाबादी फरशी तिथली. भूशास्त्रात त्या खडकांच्या गटाला भीमेचंच नाव दिलेलं आहे.

या पाषाणाचा सोलापूरच्या विहिरींशी रोजचा संबंध आहे. वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र दगड, तर कुठे घट्ट काळा दगड. मुरमात आणि मांजऱ्यात थोडं पाणी मुरतं; घट्ट दगडात भेग असेल तरच. गंगेच्या मैदानात गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर आहेत, तिथे जमिनीखाली पाण्याची मोठी कोठारं असतात. इथे तसं काही नाही. पाचशे-सातशे फूट बोअर मारून फुफाटा निघाल्याच्या कहाण्या सांगोला-मंगळवेढ्यात गावोगाव ऐकायला मिळतात, त्यामागचं कारण हे.

आता पाऊस. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे घाटमाथ्याच्या भिंतीवर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईत आलं की आठवा हिस्सासुद्धा जेमतेम. पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, तिच्यातली ओल ढग होऊन बाहेर पडायच्या ऐवजी विरते. जुलैतलं सोलापूरचं आकाश पाहिलं तर हे समजतं. ढग भरपूर असतात, वाराही जोराचा, पण ढग बुटके. ते पळत पूर्वेला जातात, भुरभुर करतात, आणि रस्ताही धड ओला होत नाही.

ही गोष्ट जगात इतरत्रही घडते, कधी उलटीही. अँडीजच्या उत्तर भागात वारे अटलांटिककडून येतात, ॲमेझॉनच्या बाजूला पाऊस पडतो आणि पश्चिमेला आटाकामा कोरडं राहतं. त्याला किनाऱ्यालगतच्या थंड सागरी प्रवाहाचाही हातभार आहे. त्याच रांगेच्या दक्षिण टोकाला वारे पश्चिमेकडून येतात, म्हणून तिथे चिली ओला आणि अर्जेंटिनाचा पॅटागोनिया कोरडा. म्हणजे डोंगराची कुठलीच बाजू मुळात सुकी किंवा ओली नसते, ते वाऱ्याच्या दिशेवर ठरतं. सोलापूरच्या बाबतीत ही बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण इथे वारा वर्षातून एकदा फिरतो.

पर्जन्यछायेच्या नेहमीच्या वर्णनात हेच सुटतं. सह्याद्रीपासून पूर्वेला जावं तसा पाऊस सतत कमी होत जातो, असं नाही. सर्वांत कोरडा पट्टा माण, खटाव, आटपाडी, सांगोला, माळशिरस असा मध्ये पडतो. तिथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तिथून पूर्वेला सरकलं, की अक्कलकोट-बार्शीकडे पाऊस पुन्हा वाढू लागतो. सोलापूर शहराची सरासरी सातशेच्या आसपास आहे. हा वाढीव पाऊस अरबी समुद्राच्या सरळ वाऱ्यांचा नव्हे. तो बहुतांशी बंगालच्या उपसागरातून येतो, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांत. सोलापूरचा सर्वांत पावसाचा महिना सप्टेंबर असतो, जुलै नव्हे. कोकणातला आणि सोलापूरचा शेतकरी एकाच राज्यात राहतात, पण त्यांचा पावसाळा वेगळा.

१४ ऑक्टोबर २०२० चा दिवस पंढरपूरकर विसरणार नाहीत. उपसागरातला कमी दाबाचा तीव्र पट्टा काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आला, तेलंगणावरून सरळ पश्चिमेला सरकत सोलापूरवर पोचला आणि पुढे अरबी समुद्रात उतरला. त्या पावसात पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून माणसं गेली, जिल्ह्यातली पिकं वाहून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. माढा, करमाळा, मोहोळ आणि सोलापूरच्या दोन्ही तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात गेली, पुणे-सोलापूर महामार्ग लांबोटीजवळ बंद पडला. सीना सह्याद्रीच्या धारेवरून येत नाही. ती अहिल्यानगरच्या बाजूनं आणि बालाघाटाच्या उतारांवरून पाणी गोळा करत येते. पूर म्हणजे भीमा आणि भीमा म्हणजे उजनीचा विसर्ग, अशी मनाची बांधणी झालेल्या जिल्ह्याला बालाघाटानं दिलेला तो धक्का होता. हरिश्चंद्र-बालाघाट ही सह्याद्रीचीच पूर्वेकडे गेलेली शाखा, गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी करणारी. घरातला थोरला भाऊ जुलैत पाणी अडवतो आणि धाकटा सप्टेंबरात दारात आणून ओततो, असं या कुटुंबाचं वागणं आहे.

हवामानाच्या अभ्यासाला सोलापूर काही नवं नाही. हॅरल्ड मॅन यांनी १८६५ ते १९३८ पर्यंतच्या मुंबई दख्खनच्या पावसाच्या नोंदी घेऊन दुष्काळाशी त्यांचा मेळ घातला आणि १९५५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. वर्षाचा एकूण आकडा पाहून दुष्काळ ओळखता येत नाही, कोणत्या आठवड्यात किती पडला हे पाहावं लागतं, ही गोष्ट रब्बीच्या शेतकऱ्याला तोंडपाठ होती. नोंदींच्या अभ्यासातून ती कागदावर आली. अलीकडचं मोठं काम पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, म्हणजे आयआयटीएमचं. तिनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानानं ढगांत बीजारोपण करून पाहिलं. सोलापूर निवडलं ते पर्जन्यछायेतलं आहे म्हणूनच. २७६ ढग निवडले, त्यांतल्या १५० ढगांत बीज टाकलं, उरलेले तुलनेसाठी तसेच सोडले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाऱ्याच्या पुढच्या बाजूच्या शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडला. आकडा चांगला आहे, आणि प्रयोग यादृच्छिक पद्धतीनं केल्यामुळे त्याला वजन आहे. पण बीज टाकायला मुळात योग्य ढग लागतो, आणि दुष्काळाच्या वर्षी तोच नसतो. कृत्रिम पावसाची घोषणा नेमकी अशा वर्षी होते. ज्या वर्षी ढग आहेत त्या वर्षी हे तंत्र वापरायचं ठरलं, तर त्याचा उपयोग होईल. विमानाभोवती फोटो काढून होणार नाही.

आता नदीकडे येऊ. भीमाशंकरच्या जंगलात पडलेला पाऊस, तसंच भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, कुकडी यांचं पाणी दौंडच्या परिसरापर्यंत भीमेत एकवटतं आणि माढा तालुक्यातल्या उजनी धरणात साचतं. नीरा पुढे नरसिंगपूरला मिळते. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पैकी उपयुक्त साठा ५३.५ आणि बाकीचा ६३.६ मृत. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून पाणी त्याच्या खाली गेलं की 'उजनी मायनसमध्ये' असं वर्तमानपत्रं छापतात आणि चहाच्या टपरीवर लोकही तसंच बोलतात. २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं होतं. ऑगस्टमध्ये तेच धरण काठोकाठ भरलं. ते भरलं पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून सुटलेल्या पाण्यानं. म्हणून पावसाळ्यात सोलापूरचा माणूस आपल्या डोक्यावरचं आकाश कमी आणि 'दौंडची आवक किती क्युसेक' हे जास्त बघतो. त्याच पाण्याबरोबर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही येतं. पाणलोटाच्या तळाशी राहण्याची ही किंमत आहे, आणि ती वरच्यांनी भरायची असते हे अजून कोणी मनावर घेतलेलं नाही.

उजनीच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात भिगवणकडे रोहित पक्षी बघायला गर्दी होते. मला त्यांच्यापेक्षा पट्टकादंबाचं अप्रूप जास्त. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं हे हंसासारखं पाखरू मध्य आशियातून हिमालय ओलांडून इथे येतं. पाच देशांत पसरलेली रांग पार करून ते ज्या पाण्यावर उतरतं, ते पाणी सह्याद्रीवरून आलेलं असतं.

सह्याद्रीवर पडलेलं भीमेच्या खोऱ्यातलं सगळं पाणी मात्र पूर्वेला येत नाही. टाटांच्या जलविद्युत योजनांनी त्यातलं काही पश्चिमेला वळवलेलं आहे. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिराचं १९२७ चं. वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी या तलावांतलं पाणी पाचशे मीटर खाली कोकणात सोडून मुंबईला वीज मिळाली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकारानं सत्याग्रह झाला. तो मावळ्यांच्या बुडणाऱ्या जमिनींसाठी होता. त्या धरणानं भीमेच्या खालच्या खोऱ्याचंही पाणी जाणार आहे, हा मुद्दा तेव्हा पुढे आल्याचं दिसत नाही. बच्छावत लवादानं १९७० च्या दशकात कृष्णा खोऱ्याचं वाटप केलं तेव्हा या वळवणीला मर्यादा घातली: कोणत्याही सलग पाच वर्षांत २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ च्या आसपास. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५ आहे हे आठवलं की या आकड्याचं वजन कळतं. ही वीज दिवसाच्या गर्दीच्या तासांत चटकन चालू-बंद करता येते, म्हणून मुंबईला ती मोलाची. ते खरंच आहे. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईला दुसरी फारशी वीज नव्हती, आज आहे. तुटीच्या वर्षी तरी हे पाणी भीमेत सोडावं, ही मागणी वाजवी आहे. सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतून ती अधूनमधून उठते आणि पावसाळा बरा झाला की विरते.

भीमेचं पाणी महाराष्ट्रानं किती वापरावं, यावरही लवादाची मर्यादा आहे. त्यामुळे पुण्यात नवं धरण, नवी योजना, वाढतं शहर, इंदापूरचा वाढीव हिस्सा, यातलं काहीही आलं की सोलापूरला ते आपल्या ताटातून गेल्यासारखं वाटतं. २०२१ मध्ये उजनीचं पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला, जिल्ह्यात आंदोलन पेटलं आणि तो मागे घ्यावा लागला. दुसरीकडे टेंभू-म्हैसाळसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी सांगोला-मंगळवेढ्याच्या कोरड्या पट्ट्यात पोचू लागलंय. कृष्णेचं पुराचं पाणी भीमेत आणण्याची स्थिरीकरण योजना वीसेक वर्षं बोलण्यात आहे. निवडणुकीच्या सभांत तिची तब्येत नेहमी सुधारलेली असते.

यापूर्वीचा काळ वेगळा होता, आणि तोच मला जास्त शिकवणारा वाटतो. नदीवर मोठं धरण नव्हतं तेव्हा इथला माणूस फक्त परतीच्या पावसावर जगायचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली ही कथा याच भूगोलातून आली. कोठार मंगळवेढ्याला असण्याचं कारण तिथली खोल काळी जमीन आणि तिच्यावरची ज्वारी. १८७६-७७ चा दुष्काळ भयंकर होता. त्याआधीच, १८७१ मध्ये, सोलापूरजवळ हिप्परग्याला एकरुख तलाव पुरा झाला होता. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव दुष्काळी कामातून उभा राहिला. १८७७ मध्ये शहरात पहिली कापड गिरणी निघाली, आणि शेतातून उठलेल्या माणसांना तिनं कामाला लावलं. 'जुनी गिरणी' म्हणून ती पुढे ओळखली गेली.

१९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. विजापूर, रायचूर, हगरी, रोहतक ही तेव्हाची इतर ठिकाणं. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या जमिनीत पाणी कसं मुरतं, किती टिकतं, ज्वारीच्या ताटाला किती लागतं हे मोजलं. त्यातून जी मुंबई पद्धत म्हणून ओळखली गेली तिच्यात समतल बांध, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, पेरणीपूर्वी वरचेवर कुळवणी, विरळ पेर, आणि उभ्या पिकात कोळपणी होती. पावसाचा थेंब जिथे पडला तिथेच जमिनीत ठेवायचा, हे तिचं सार. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही शेतकरी सोडत नाही. हस्ताचा पाऊस पडला की पेरायची आणि पुढे पाऊस नसला तरी मातीतल्या ओलीवर काढायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून केगावला आहे. ही दोन्ही पिकं कोरड्या हवेची आहेत. सह्याद्रीनं जुलैत इथला पाऊस अडवला नसता, तर डाळिंबाला ही जागा मानवली नसती.

आणि याच जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उजनीचा आणि नीरेचा कालवा जिथे पोचला तिथे उसानं बाकी सगळं बाजूला सारलं. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. हमखास दर, हमखास खरेदी, आणि गारपिटीतही थोडंफार हाताला लागणारं दुसरं पीक त्याच्यापुढे कोणी ठेवलेलं नाही. पण भूगोल म्हणून पाहिलं तर पाचशे मिलिमीटरच्या पट्ट्यात वर्षभर उभं राहणारं पीक याचा अर्थ एवढाच, की जिल्ह्यानं सप्टेंबरचा आपला पाऊस सोडून जुलैतल्या परक्या पावसावर संसार मांडला. सह्याद्रीवर एक पावसाळा फसला, की कालव्याच्या टेलचा शेतकरी उघडा पडतो. त्याच्या शेतावर त्या वर्षी परतीचा पाऊस चांगला झालेला असला, तरी उसाला तो पुरत नाही.

माळरानाचीही तीच गत झाली. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात तालुकेच्या तालुके, गावं, बाजारपेठा आल्या. लोकांचा विरोध साहजिक होता. शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आणलं. तोवर माळढोक जवळजवळ संपला. काळवीट आणि लांडगा अजून दिसतात. पर्जन्यछायेतलं गवताळ माळ ही आपली एक स्वतंत्र परिसंस्था आहे, हे सरकारी नोंदीत अजून नीट उतरलेलं नाही. तिथे 'पडीक' लिहिलेलं असतं.

राहिला धोरणांचा भाग. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यात सोलापूर जवळपास नाहीच. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटानं ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटावरचा अहवाल दिला. तो जड वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली गेली, तिचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला. २०१४ पासून केंद्रानं संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. यादीत पुणे, सातारा, अहिल्यानगर, सांगली आहेत, सोलापूर नाही. आणि नकाशा घाटाचा असल्यामुळे ते असायचंही कारण नाही. प्रश्न यादीचा नाही. या सगळ्या वादात सुनावण्या झाल्या, मोर्चे निघाले, ते कोकणात, कोल्हापुरात, केरळात. खाणीवाले बोलले, रबरवाले बोलले, हॉटेलवाले बोलले. ज्यांचं पाणी तिथून येतं त्यांनी काही म्हटल्याचं दिसत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गाडली गेली. ते गाव डिंभे धरणाच्या पाणलोटात, म्हणजे घोड नदीच्या खोऱ्यात, म्हणजे उजनीच्याच पाणलोटात येतं. तिथे डोंगर सुटला की त्याची माती ओढ्या-नाल्यांतून पुढे सरकते आणि धरणांच्या तळाशी बसते. उजनीतल्या गाळावर सोलापुरात बोललं जातं, पण ते गाळ काढण्याच्या टेंडरपुरतं. तो गाळ कुठून येतो हे विचारायला भीमाशंकरपर्यंत कोणी जात नाही.

सोलापूरचं वरच्यांशी जे भांडण आहे, तेच खालच्यांचं सोलापूरशी आहे. शहराला पाणी मिळतं ते उजनीच्या जलवाहिनीतून, हिप्परग्याच्या तलावातून, आणि विजापूर रस्त्यावरच्या टाकळीजवळ भीमेतून. टाकळीसाठी उजनीतून नदीपात्रात पाणी सोडतात, ते औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवतात. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावं लागतं. बरंचसं पात्रातच मुरतं, उडून जातं, नाही तर काठावरचे पंप ओढून घेतात. तिथली भीमा ही दोन राज्यांची हद्द आहे. एका काठावर दक्षिण सोलापूर, दुसऱ्या काठावर विजापूरचा इंडी तालुका, आणि दोन्हीकडे ऊस. तो तालुकाही सह्याद्रीच्या त्याच छायेत आहे, त्याचाही मुख्य पाऊस सप्टेंबरचा. उन्हाळ्यात बंधारा आटला की औजचे शेतकरी पलीकडच्या मोटारींकडे बोट दाखवतात, आणि पलीकडचे उजनीकडे.